रांग, दादू आणि पाटीवरची २५ मिनिटं: थीम पार्कला पुन्हा जावं का?

दोनपाखरं

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं. दादू सात वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. बोलतो, पण मोजकं, आणि घाबरला की तेवढंही नाही. धाकटी चार वर्षांची. ती दोघांच्या वाटचं बोलते.

गेल्या वर्षी एका थीम पार्कात गेलो होतो. बोटीची राइड होती. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, २५ मिनिटं. दादू आकडे शब्दशः घेतो. त्याने माझं मनगट ओढून घड्याळ बघितलं आणि शहाण्यासारखा आत शिरला. पंचविसाव्या मिनिटाला आम्ही होतो त्या नागमोडी कठड्यांच्या तिसऱ्या वळणावर. या नागमोडी रांगेचा एक जाच मला तोवर कधी कळलाच नव्हता. बोट समोर दिसते, जवळ येते, हाताच्या अंतरावर येते, आणि नेमकी तिथेच रांग वळते नि बोट पाठीमागे जाते. आपल्याला कळतं की आपण पुढे सरकतोय. त्याच्या लेखी आम्ही त्याला बोटीपासून लांब नेत होतो, आणि तेही तीन वेळा.

चाळिसाव्या मिनिटाला राइड बंद पडली. घोषणेचा भोंगा बरोब्बर आमच्या डोक्यावर. दादू कानांवर हात दाबून जमिनीवर आडवा झाला. धाकटीला त्याच क्षणी शू लागली. नवऱ्याने तिला उचललं, मी दादूला, आणि आम्ही कठड्यांखालून वाकत, लोकांच्या पायांमधून, आलो त्या वाटेने उलटे बाहेर पडलो. मागून एक बाई म्हणाल्या, "झेपत नाही तर आणायचं कशाला?" राग कधीच निवळला. उत्तर मात्र अजून सुचलेलं नाही.

तरी पुन्हा जायचंय, कारण दादू रोज ती बोट काढतो. वहीची पानंच्या पानं भरलीत.

विचारायचं ते हे. एक, अशा मुलांसाठी काही सोय असते असं ऐकलंय, ती प्रत्यक्षात कशी चालते? नवऱ्याच्या मते खिडकीवर जाऊन सवलत मागणं म्हणजे पोराच्या कपाळावर चिठ्ठी डकवणं. मला तसं वाटत नाही, पण तिथे उभं राहून नेमकं काय बोलायचं ते मलाही ठाऊक नाही. दोन, थांबायचं कसं शिकवायचं? आणि तीन, रांगेच्या मध्यावर बिनसलं तर बाहेर कसं पडायचं? कठड्यांखालून नको, कंबर अजून दुखते.


उलटीपावली

दोनपाखरं, तुमचा परिच्छेद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ती वळणं! आमचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, त्यामुळे मी ही लढाई थोडी जुनी झाल्यावर लिहितेय.

पहिली दोन वर्षं मी चुकीच्याच गोष्टीवर मेहनत घेतली. मला वाटायचं, याला थांबता येत नाही. मग एकदा बघितलं, तो एका बाकावर बसून छताचा पंखा पाऊण तास बघत होता, अगदी मजेत. म्हणजे थांबता येत होतं. रांगेत उभं राहता येत नव्हतं. पुढे एकाची पाठ, मागे एकाची बॅग टोचतेय, दोन्हीकडे लोखंड, सरकायचं कधी ते दुसरा ठरवणार, आणि निघायला वाट नाही. या सगळ्याला आपण एकच शब्द लावतो, थांबणं. तुमच्या दादूने पाटीवर विश्वास ठेवून २५ मिनिटं काढली की! त्याचं थांबणं शाबूत आहे. आपल्याला ते फक्त रांगेतून उचलून दुसरीकडे ठेवायचंय.

सोय असते ती नेमकी एवढीच. डिस्नेमध्ये तिला डिसेबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस म्हणतात. आद्याक्षरं जोडून होतो 'डास', त्यामुळे आमच्या घरी "डास काढला का?" असंच विचारतात. पूर्वी तिथे वेगळं कार्ड होतं, त्याचा गैरवापर फार वाढला म्हणून २०१३ मध्ये ही पद्धत आली. राइडच्या रांगेत जितका वेळ लागणार असेल, साधारण तितक्या वेळाने परत येण्याची वेळ तुम्हाला दिली जाते. मधला वेळ तुमचा. बाकावर बसा, पंखा बघा, शू उरकून या. वेळ झाली की छोट्या रांगेतून आत. थांबणं माफ होत नाही, जागा बदलते. हे वाक्य नवऱ्याला सांगा, सवलत या शब्दाचा काटा थोडा बोथट होईल.

२०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या पार्कांत नियम आवळले. आता ही सेवा मुख्यतः ऑटिझम किंवा तशाच विकासाशी संबंधित अपंगत्वामुळे नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि निघण्याआधीच व्हिडिओ कॉलवर बोलता येतं. युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कांची पद्धत निराळी. तिथे आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेचं कार्ड ऑनलाइन काढावं लागतं, तेही भेटीच्या किमान ४८ तास आधी. ऐन दारात गेलात तर अडचण. प्रत्येक पार्कची तऱ्हा वेगळी, म्हणून तिकिटं काढायच्या आधी त्यांच्या साइटवरचं अॅक्सेसिबिलिटीचं पान नीट वाचा. नंतर नव्हे.

आता खिडकीवर काय बोलायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निदानाचं नाव सांगितलं आणि गप्प बसले. समोरची मुलगी बिचारी माझ्याकडे बघत राहिली, कारण नावावरून तिला काहीच कळत नव्हतं. ऑटिझम असलेली कितीतरी मुलं रांगेत मजेत उभी राहतात. त्यांना नाव नको असतं, रांगेत काय घडतं ते हवं असतं. तुम्ही वर जे लिहिलंय तेच बोला: आकडा उलटला की तो कोलमडतो, गर्दी अंगाला लागली की खाली आडवा होतो, मोठ्या आवाजाने बोलणं बंद होतं. चार वाक्यं पुरतात. रडायला येईल. मला आलं होतं. मी ती वाक्यं आधी कागदावर लिहून नेऊ लागले, म्हणजे मुलासमोर त्याच्याबद्दल बोलावंही लागत नाही, कागद सरकवायचा. आपण 'त्याला कळत नाही' म्हणून त्याच्या देखत बोलतो, आणि त्याला सगळं कळत असतं.

शिकवण्याबद्दल. मिनिटांची भाषा सोडा. मिनिटं आपल्या हातात नाहीत, आणि जे आपल्या हातात नाही त्याचं वचन दादूसारख्या मुलाला द्यायचं नाही. टप्प्यांची भाषा धरा. "तीन वळणं, मग जिना, मग दार, मग बोट." बऱ्याच राइडचे व्हिडिओ लोकांनी टाकलेले असतात. राइडचा भाग सोडून द्या, त्याआधीचा रांगेचा भाग शोधा. आम्ही तो थांबवून थांबवून फोटो काढले, रिंगेत ओवले, टप्पा झाला की फोटो उलटायचा. वळणावर बोट पाठीमागे जाते याचाही फोटो ठेवा. "आता बोट मागे जाणार, मग परत येणार" हे आधी कळलं की तो विश्वासघात राहत नाही, नकाशावरचं एक ठिकाण होतं.

दुसरं, हातात काय द्यायचं याचा विचार आधी करा. मी एकदा टॅब दिला आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. पोरगं पाऊण तास हूं की चूं नाही. नंबर आला, पाळणा समोर उभा, आणि हा टॅब सोडेना. मागे वीस माणसं, फलाटावरचा मुलगा घड्याळ बघतोय, आणि मी टॅबचं दुसरं टोक धरून ओढतेय. शेवटी पाळणा रिकामा गेला. म्हणून हातात असं द्या जे राइडवर चढताना खिशात जाईल. आमच्याकडे दोरीच्या गाठी चालल्या.

आणि कान झाकणारे हेडफोन, आधी घरी सवय करून. नवे कोरे तिथे जाऊन घातले तर तेच भिरकावले जातील.


चाकांवरचीस्वारी

वरच्या ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी बाप, मुलगी दहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, चाकाची खुर्ची. आमचं दुखणं निराळं, तरी लिहितो, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

लोकांचा समज असा की खुर्ची दिसली की थेट पुढे. नवीन पार्कांत मुख्य रांगच खुर्ची जाईल इतकी रुंद बांधतात, त्यामुळे आम्ही सगळ्यांसोबत तितकाच वेळ असतो. मला ते पटतं. अडचण रांग संपल्यावर सुरू होते. खुर्चीतून सीटवर उचलून ठेवायला किती वेळ मिळणार? गाडी थांबवतात का, की पट्टा फिरतच राहतो? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मी आता दारातच विचारतो: "राइड मध्येच अडकली तर उतरायला पायऱ्या किती?" एकदा न विचारता गेलो आणि लेकीला पाठीवर घेऊन अंधाऱ्या लोखंडी जिन्यावरून उतरलो. ती म्हणाली हीच खरी राइड. माझे पाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

काही ठिकाणी खुर्चीसकट चढता येतं. डिस्नेच्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये खुर्ची आत घेणारी वेगळी बोट आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला मॉर्गन्स वंडरलँड आहे, २०१० मध्ये सुरू झालं, एका बापाने आपल्या मुलीसाठी उभं केलेलं. तिथे अपंग व्यक्तीला प्रवेश मोफत. शेजारी २०१७ मध्ये पाण्याचं पार्क झालं, तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत, कारण बॅटरी आणि पाणी यांचं जमत नाही. माझी लेक त्या खुर्चीचे व्हिडिओ बघून सांगते, "बाबा, मला पार्क नको, ती खुर्ची हवी."

दोनपाखरं, तुमच्यासाठी एक. दादू सात वर्षांचा म्हणजे बाबागाडीचं वय उलटलं असं वाटेल. पण काही पार्क, डिस्ने त्यातलं एक, गरज सांगितल्यावर बाबागाडीला एक पट्टी लावून देतात, मग ती चाकाच्या खुर्चीसारखी रांगेत नेता येते. छत खाली ओढलं की पोराला चार भिंती मिळतात. लोक बघतात. बघू देत.


स्पष्टवक्ता

थोडं कडू लिहितोय, राग मानू नये. माझी दोन्ही मुलं लहान आहेत, धडधाकट आहेत, पण तीही दोन तास उन्हात रडतात. त्यांनी कुणाचं घोडं मारलंय? तिकीट सगळ्यांचं सारखंच. आज ऑटिझम, उद्या चंचलपणा, परवा 'आमच्या बाळाला गर्दी आवडत नाही'. सगळेच खास झाले तर रांगेत उरणार कोण? थांबणं हाही संस्कार आहे, तो कधीतरी शिकावाच लागतो.


दोनपाखरं

स्पष्टवक्ता, तुमच्या मुलांनी घोडं मारलेलं नाही, दादूनेही नाही. तुमची मुलं रडली की तुम्ही "आता पाचच मिनिटं" म्हणता आणि ती पाचाची सात झाली तरी तुमच्यावर विश्वास ठेवतात. ती सात मिनिटं माझ्याकडे नाहीत, एवढाच फरक. बाकी दोन तास उन्हात मुलांना उभं करू नये हे तुमचंही खरंच. त्यावर कुणाकडे काही असेल तर मलाही हवंय, धाकटी धडधाकटच आहे.

उलटीपावलीताई, फोटोंची रिंग करायला घेतली. दादूने स्वतः दाराचा फोटो दोनदा घातलाय. का ते विचारलं नाही.


लालबटण

मी तीन वर्षं एका पार्कात राइडच्या फलाटावर काम केलंय. माझं इथलं नाव राइड थांबवायच्या बटणावरून आलंय. पलीकडच्या बाजूने चार गोष्टी.

स्पष्टवक्ता यांचा प्रश्न आम्हालाही रोज पडायचा, त्यामुळे आकड्यांत सांगते. समजा राइड तासाला १२०० माणसं नेते, म्हणजे मिनिटाला २०. तुमच्या पुढे ६०० माणसं असतील तर अर्धा तास. परत येण्याची वेळ घेऊन चौघांचं कुटुंब आलं, तर मुख्य रांग मागे जाते बारा सेकंदांनी. आणि ते कुटुंब त्याआधी अर्धा तास बाहेर थांबलेलं असतं. हां, अशी कुटुंबं शंभर झाली तर तो भार खराच, आणि नियम त्यामुळेच आवळले जातात. पण आमच्याकडे मुख्य रांग तुंबायची ती जास्त करून दोन कारणांनी: विकत घेतलेल्या जलद रांगेची गर्दी, आणि चढताना होणारी खोळंबाखोळंबी. एक माणूस बॅग कुठे ठेवू म्हणून मिनिटभर घुटमळला की वीस जणांच्या जागा गेल्या. (टॅबवाल्या ताई, तुम्हाला उद्देशून नाही!)

उन्हातले दोन तास टाळायचे तर एकच खात्रीचा उपाय: पार्क उघडायच्या आधी दारात उभं राहा. पहिल्या तासात जितक्या राइड होतात तितक्या दुपारी तीन तासांत होत नाहीत. दुपारी घरी किंवा हॉटेलवर जा, झोपवा, संध्याकाळी परत या. मिरवणूक किंवा मोठा शो सुरू असताना राइडकडची गर्दी जरा ओसरते. लहान मुलांना घेऊन उघडण्यापासून बंद होईपर्यंत थांबणारी घरं आम्ही लांबून ओळखायचो. चार वाजता आईबापांचे चेहरे मुलांपेक्षा रडवेले.

उंची घरी मोजून या, बूट घालून. बऱ्याच वेगवान राइडला १०२ सेंटिमीटर लागतात, काहींना ११२. रांगेच्या तोंडाशी मोजायची पट्टी असते, तिथेच मोजून घ्या. गर्दीत ते राहून गेलं आणि फलाटावर आम्ही थांबवलं की चाळीस मिनिटं उभं राहिलेलं पोर आमच्याकडे जसं बघतं ते मी विसरलेले नाही. बाप लोक अंबाडा उंच बांधून आणतात. आम्ही अंबाडा दाबून मोजतो.

धाकटी बसू शकत नाही आणि मोठ्याला बसायचंय, तर पुन्हा दोनदा रांग लावू नका. एकजण मुलासोबत बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिला रांग न लावता जातो. डिस्ने याला रायडर स्विच म्हणतं, युनिव्हर्सल चाइल्ड स्वॅप. युनिव्हर्सलमध्ये सगळे मिळून रांगेतून जातात आणि शेवटी एका खोलीत आळीपाळीने थांबतात. दादूसाठी कोणती पद्धत बरी ते तुम्ही ठरवा, मला पहिली वाटते. शिवाय दुसऱ्या फेरीत मोठ्या मुलाला बहुतेक वेळा पुन्हा बसता येतं. हे मुलांना आधी सांगू नका, नाहीतर हक्कच होतो.

आता बाहेर पडणं. कठड्यांखालून नका जाऊ, कंबरेसाठी नाही तरी आमच्या काळजासाठी. रांगेच्या मध्ये साखळी लावलेल्या वाटा असतात, तुम्हाला भिंतीसारख्या दिसतात, आम्हाला माहीत असतात. तोंडाशी जो कर्मचारी उभा असेल त्याला आत शिरतानाच सांगा: "मुलाला मध्येच बाहेर न्यावं लागेल, कुठून जायचं?" तो दाखवेल आणि वर फलाटावर कळवूनही ठेवेल. शू लागलेल्या मुलाला नेऊन परत यायचं असेल तर तेही जाताना सांगून जा. न सांगता परत आलात की मागच्यांना वाटतं घुसताय, आणि भांडण सोडवायला आम्ही.

राइड बंद पडली तर "किती वेळ?" हे आम्हाला खरंच ठाऊक नसतं. त्यामुळे तुम्हीही अंदाज बांधू नका. भोंगा वाजला की फोटोंची रिंग बंद करा आणि सरळ बाहेर या. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत माणसाला काय वाटतं यावर लिहिलं होतं, आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे: किती वेळ ते माहीत नसलेलं आणि कारण न कळलेलं थांबणं जास्त लांब वाटतं. तुमच्या दादूला एका मिनिटात दोन्ही मिळाली, वर भोंगा.


उलटीपावली

लालबटण, अंबाड्याचं वाचून खुर्चीतून पडले.

दोनपाखरं, एक राहिलं होतं. काही पार्क प्रत्येक राइडसाठी संवेदनांची माहिती देतात: आवाज किती, अंधार किती, अंगावर पाणी किती. पेनसिल्व्हेनियातलं सेसमी प्लेस हे २०१८ मध्ये ऑटिझम केंद्र म्हणून प्रमाणित झालेलं पहिलं थीम पार्क, त्यांच्या यादीत स्पर्शापासून गंधापर्यंत प्रत्येकाला दहापैकी आकडा असतो. दादूला आकडे आवडतात ना? त्यालाच निवडू द्या. आणि यादीत शांत खोली कुठे आहे ते आधी बघा. गेल्यावर पहिली चक्कर तिथे, गरज नसताना. गरज पडल्यावर नवी खोली दाखवली तर तीही भीतीचीच.


दोनपाखरं

मंडळी, जाऊन आलो. सहा आठवड्यांनी लिहितेय, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर हिशेब द्यायला हवा.

कागदावर चार वाक्यं नेली. खिडकीवरच्या मुलाने वाचली, दोन प्रश्न विचारले, एक दादूलाच: "तुला काय बघायचंय?" दादूने बोटीचा फोटो दाखवला. मी न रडता उभी राहिले. रडला नवरा, तोही बाजूला जाऊन. कपाळावरच्या चिठ्ठीबद्दल तो पुन्हा काही बोललेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

अख्ख्या दिवसात तीन राइड. फक्त तीन, आधी हे वाचलं असतं तर मला पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं असतं. बोटीसाठी परतीची वेळ मिळाली पस्तीस मिनिटांनंतरची. ती आम्ही एका लिफ्टसमोर काढली. दादूला लिफ्ट फार प्रिय. दारं उघडायची, माणसं बाहेर यायची, दारं मिटायची. धाकटी म्हणाली, "आई, हीच राइड आहे का?" मी हो म्हणाले.

छोट्या रांगेत एकच वळण होतं आणि आमच्या रिंगेत तीन! माझ्या पोटात गोळा. हे लक्षातच आलं नव्हतं की फोटो मुख्य रांगेचे आहेत आणि आपण जाणार दुसरीकडून. दादू थबकला, दोन फोटो एकदम उलटले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेला. मग जिना, मग दार. बोटीत बसला. पूर्ण वेळ तोंडातून आवाज नाही, फक्त हात पाण्याकडे. उतरताना म्हणाला, "दार." बाहेर पडायचं दार. दुसरा फोटो त्याचा होता. (ज्यांना ही युक्ती करायचीय त्यांनी छोट्या रांगेची वाट आधी कर्मचाऱ्याला विचारून घ्या.)

दुसरी राइड धाकटीची, बूट घालून १०३ भरली, अंबाडा नव्हता. मी आणि ती गेलो, मग नवरा आणि ती. तिला दोनदा मिळाली, आणि लालबटण, तो आता हक्क झालाय.

तिसरीला फलाटावर पोचलो आणि दादू म्हणाला, "नको." अर्धा तास बाहेर थांबून, सगळं होऊन, नको. पूर्वी मी समजूत घातली असती. कर्मचारी मुलीला नुसती मान हलवली, तिने साखळी काढली, आम्ही पलीकडून बाहेर. वीस सेकंदही लागले नाहीत. कुणी काही बोललंही नाही, किंवा बोललं असेल, माझं लक्ष नव्हतं.

चाकांवरचीस्वारी, बाबागाडी नेली होती. दादू एकदाही बसला नाही. दिवसभर बॅगा बसल्या, आणि संध्याकाळी धाकटी, छत खाली ओढून, आतून ओरडत: "कुणी बघू नका, मी थांबतेय."

आता एक नवाच प्रश्न. धाकटीला दादूसारखी फोटोंची रिंग हवीय, पण तिच्या रिंगेत तिला सगळे फोटो लिफ्टचे हवेत. कुणाकडे बऱ्या लिफ्टचे फोटो असतील तर टाका. दारं उघडी असलेले, दादूने खास सांगितलंय.